आंबा हंगाम सल्ला : पेटी फोर्कलिफ्टवर चढण्यापूर्वी

मार्च ते मे हे तुर्भ्याच्या फळबाजारातले हापूसच्या आवकेचे दिवस. गाळ्यावरची पेटी आजही माथाडी कामगारांच्याच हातून उतरते. पण शीतगृहात किंवा वाशीतल्या पणन मंडळाच्या निर्यात केंद्राकडे जाणारा माल पॅलेटवर, म्हणजे खालून फोर्क घालून उचलायच्या सपाट चौकटीवर, रचला जातो आणि फोर्कलिफ्टने हलतो. तिथे खोके दबले की दोष चालकाच्या माथी जातो. बरेचदा मात्र चूक आधीच, माल रचताना झालेली असते. त्यामुळे बागायतदारांनी आणि मुरबाड-शहापूरकडच्या शेतकरी गटांनी या यंत्राची जुजबी माहिती करून घ्यावी.

यंत्राची वजनपेलवण

पुढच्या उभ्या चौकटीला मास्ट म्हणतात. पंप दाबाने तेल सिलिंडरमध्ये सोडतो, दांडा वर सरकतो आणि साखळीच्या रचनेमुळे फोर्क, म्हणजे माल उचलणारी पुढची पाती, दांड्याच्या दुप्पट अंतर चढतो. नेहमीच्या फोर्कलिफ्टमध्ये पुढच्या चाकांचा आस हा टेकू, पुढे माल आणि मागे लोखंडी प्रतिभार, असा सरळ तराजूचा हिशेब असतो. वळते ती मागच्या चाकांवर, म्हणून वळताना तिची शेपटी बाहेर फिरते. माल मोजायला गेलेल्यांनी मागच्या बाजूला उभे राहू नये.

यंत्राच्या पाटीवर 1,500 किलो लिहिलेले असले तरी प्रत्येक मालाला तेवढी क्षमता मिळत नाही. तो आकडा सहसा मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या टाचेपासून (फोर्क मास्टकडे वर वळतो त्या जागेपासून) 500 मिमीवर धरून दिलेला असतो. 1,200 × 1,000 मिमीचे पॅलेट त्याची लांबी फोर्कच्या दिशेत ठेवून आत घेतले, तर मध्य 600 मिमीवर जातो. आसापासून टाचेपर्यंत 400 मिमी धरले, तर तराजूच्या हिशेबाने 1,500 किलोचे 1,350 उरतात. मास्ट उंच गेला की क्षमता आणखी घटते. आपल्या मालाला हे पुरते का? एका थरात 600 × 400 मिमीचे 5 क्रेट बसतात. असे 8 थर, क्रेटसह प्रत्येकी 22 किलो, म्हणजे 880 किलो. पॅलेट धरून साधारण 900. दीड टनाचे यंत्र भरपूर झाले. भाड्याने घेताना तीन टनाचा आग्रह धरणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

कोणते यंत्र कुठे

हँड पॅलेट ट्रक हाताने ओढायचा असतो. फोर्क जमिनीपासून सुमारे 85 मिमीवर आत जातात आणि पॅलेट जेमतेम जमीन सोडण्याइतके उचलतात. गुळगुळीत फरशीवर याच्याइतके स्वस्त आणि उपयोगी साधन नाही. खालून सलग फळ्या मारलेल्या पॅलेटमध्ये मात्र त्याची चाके अडकतात, हे पॅलेट विकत घेताना पाहावे. माल एकावर एक चढवायला स्टॅकर. शीतगृहातल्या अरुंद गल्ल्यांत आणि उंच रॅकसाठी रीच ट्रक, ज्याचा मास्ट किंवा फोर्क पुढे सरकतो. त्यालाही सपाट फरशीच लागते.

मुरबाडकडच्या मुरमाच्या अंगणात यातले काहीच चालत नाही. तिथे हवेच्या टायरची डिझेल फोर्कलिफ्ट किंवा ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा फोर्क हवा. वर्षातून दोन-तीन महिनेच माल हलवणाऱ्या गटाने ट्रॅक्टरवरच भागवावे, असे माझे मत आहे. मागे वजन लटकले की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, म्हणून पुढे वजने लावावीत.

धूर आणि फळ

हा मुद्दा कुणी फारसा सांगत नाही. इंजिनाच्या धुरात इथिलिन असते. रायपनिंग चेंबरमध्ये आंबा पिकवायला मोजून-मापून, 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) मर्यादेत, सोडतात तोच हा वायू. बंद खोलीत डिझेल किंवा गॅसवरचे इंजिन सुरू ठेवले तर फळ नको तेव्हा पिकू लागते, शेजारची काकडी आणि पालेभाजी पिवळी पडते. शिवाय आत काम करणाऱ्या माणसांनाही तो धूर घातक. शीतगृहाचे भाडे ठरवताना आत बॅटरीवरचे यंत्र आहे ना, हे आधी विचारावे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा चार्जिंगची जागा हवेशीर असावी आणि तिथे विडी-काडी नको. हापूस 13 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा. त्याखाली त्याला थंडीची इजा होते. काकडी आणि आंबा एका खोलीत ठेवू नये.

पॅलेट लावताना

पुठ्ठ्याच्या खोक्याचे बळ त्याच्या चार कोपऱ्यांत असते. खोके विटांच्या बांधकामासारखे सांधे बदलून रचले की वरचा कोपरा खालच्या पोकळ भागावर येतो आणि ते दबतात. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रचावे, हवेची भोके समोरासमोर आणावीत, एकही खोका पॅलेटच्या बाहेर डोकावू देऊ नये. सरळ रचलेला ढीग हलतो खरा. त्यासाठी चारही कडांना पुठ्ठ्याचे अँगल लावून पट्टी आवळावी.

परदेशी जाणाऱ्या मालाचे लाकडी पॅलेट प्रक्रिया केलेलेच हवे. सहसा ही उष्णता प्रक्रिया असते : लाकडाच्या गाभ्यात 56 अंश, सलग 30 मिनिटे. प्रक्रिया झाल्याचा शिक्का, त्यात देशाचे आणि प्रक्रियेचे चिन्ह, पॅलेटवर असतो. शिक्का नसलेले पॅलेट परदेशी बंदरात अडते. प्लॅस्टिकच्या पॅलेटला ही अट नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दमट हवेने पुठ्ठा मऊ पडतो. हंगामाच्या शेवटच्या मालाचे दोन थर कमी लावावेत, रिकामी खोकी पॅलेटवर, जमिनीपासून उंच ठेवावीत आणि ओल्या धक्क्यावर चालकाला फोर्कवरचा माल जमिनीलगत ठेवूनच, मास्ट मागे झुकवून, सावकाश यायला सांगावे.