नाशकात राहून आणि प्रवासातही स्केचिंग चालू ठेवायचं असेल तर

सगळ्यात आधी वही लहान घ्या. ए फाईव्हच्या वर जाऊच नका, ए सिक्स मिळाली तर अजून बरं, कारण मोठी वही घरी राहते. मी आधी मोठ्ठं स्पायरलचं स्केचबुक घेतलं होतं, ते पर्समध्ये मावायचं नाही म्हणून वेगळी बॅग, वेगळी बॅग म्हणून फक्त रविवार, आणि रविवारी घरी पाहुणे. अशी दोन वर्षं गेली माझी. आता वही डब्याच्या शेजारी असते आणि बहुतेक दिवशी काहीतरी निघतंच.

दुसरं म्हणजे वेळ काढून चित्र काढायचं हे मी सोडून दिलंय. दिवसभरात आपण किती वाट बघतो ते एकदा मोजा, सीबीएस बसस्टँडवर बसची, बँकेत टोकनची, कॉलेज रोडला मुलीचा क्लास सुटायची, मिसळ टेबलावर यायची. ही सगळी वाट बघायची वेळ मी वहीला देऊन टाकलीये. पाच मिनिटं मिळाली तर पाच मिनिटांचं चित्र, बस आली की पेन बंद, अर्धं राहिलं तर अर्धंच, त्याला घरी जाऊन पूर्ण करायचं नाही. उद्या नवं पान.

सामानाचं थोडक्यात सांगते. कागद दीडशे जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं, म्हणजे साधारण जाडीचं माप) आसपासचा असला की पेन आणि थोडा वॉटरकलर दोन्ही चालतं. रंगाला शाळेतली केक कलरची डबी पुरते, किंवा ट्यूबमधले पाच-सहा रंग छोट्या पत्र्याच्या डबीत पिळून वाळवून ठेवायचे. दांड्यात पाणी भरायचा वॉटरब्रश असला की वाटी-बाटली लागत नाही, आणि ब्रश पुसायला एक जुना रुमाल. खोडरबर मी मुद्दाम नेत नाही, रेघ चुकली तर शेजारी दुसरी मारायची, चुकीची तशीच राहू द्यायची. पेन मात्र वॉटरप्रूफ शाईचंच घ्या. त्र्यंबकला जाताना जुलैत एसटीच्या खिडकीतून पाणी आलं आणि माझ्या साध्या जेल पेनच्या जवळजवळ तीस पानांचा निळा चिखल झाला, त्यात आजीची शेवटची दोन स्केचेस होती. तेव्हापासून पावसाळ्यात वही झिपच्या पिशवीत आणि पेन घेताना आधी रेघ मारून, वाळवून, वर ओलं बोट फिरवून बघते.

आता माणसं. माणसं हलतात म्हणून काढता येत नाहीत असं सगळे म्हणतात, पण कामातला माणूस तेच तेच परत करतो हे एकदा लक्षात आलं की भीती जाते. गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात जाऊन बघा. मेथीवाल्या मावशी जुडी उचलतात, झटकतात, पाण्यात हात बुडवून शिपडतात, परत जुडी उचलतात. मी पानावर एकाच वेळी तीन मावशी सुरू करते, एक वाकलेली, एक हात वर केलेली, एक पैसे मोजणारी, आणि त्या ज्या पोझमध्ये येतील त्या आकृतीत दोन रेघा वाढवते. आधी पाठीची रेघ, मग डोकं, मग हात, चेहरा नाहीच. पाठ आणि मान बरोबर आली की ओळखीचं माणूस वाटतं, डोळे-नाक काढायला गेलं की सगळं बिघडतं. चित्र झालं की त्यांना दाखवा हं, आणि कोणी नको म्हणालं तर पान उलटून दुसरीकडे वळा. मी जिथे बसते तिथे एकदा मावशींनी चित्र बघून, माझ्या कोथिंबिरीचा वाटा राहिला की काढायचा, असं सांगितलं आणि खरंच राहिला होता.

गर्दी जमते त्याचं काय, हा प्रश्न मला फार जणी विचारतात. भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे मागून कोणी डोकावत नाही. घाटावर सकाळी सात-साडेसातला जा, तेव्हा लोक आपापल्या स्नानात, पूजेत असतात. पोरं येतातच, ताई माझं काढा ना म्हणतात, तर एक मिनिटात काढून द्या, तीसुद्धा प्रॅक्टिसच आहे.

सवय टिकायला मला सगळ्यात जास्त मदत कशाची झाली असेल तर ती दुतोंड्या मारुतीची. एकच जागा निवडायची आणि वर्षभर तिथेच परत परत जायचं. नाशिककरांना सांगायला नको, नदीच्या पात्रात उभा असलेला हा मारुती म्हणजे आपली पुराची मोजपट्टी, पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं असंच आपण बोलतो, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो पार पाण्याखाली गेला होता. मी दर पावसाळ्यात त्याच एका जागेवरून त्याला काढते, पाणी कुठवर आहे ती रेघ मारते आणि बाजूला तारीख. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की लांबूनच, घाटाच्या पायऱ्यांवर उतरायचं नाही. मूर्ती तीच असल्यामुळे काय काढू हा प्रश्नच उरत नाही, आणि मग हळूहळू बाकीचं दिसायला लागतं, जूनमध्ये पाणी हिरवट असतं, पहिल्या मोठ्या पावसानंतर चहासारखं होतं, पूर ओसरला की मूर्तीवर चिखलाची पट्टी राहते. तुमच्या घराजवळचं वडाचं झाड, समोरची टपरी, काहीही चालेल, फक्त बदलणारं काहीतरी हवं.

देवळं आणि वाडे काढताना कोरीव कामात शिरू नका. काळारामाचं शिखर आधी एका बंद आकारात घ्या, हात लांब करून पेन्सिलीवर उंची आणि रुंदी मोजा, मग उजेडाची बाजू तशीच सोडून सावलीची बाजू एकदम भरा. काळा दगड असला तरी सगळं काळं करायचं नाही, उन्हातला दगड बराच उजळ दिसतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांना मी आधी लाकडी खांबांच्या उभ्या रेघा मारते, मग खिडक्या मोजून बसवते. आणि उन्हाचा त्रास होत असेल तर पांडवलेणी गाठा, लेण्यांची तोंडं साधारण उत्तरेला असल्याने उजेड बराचसा सारखा राहतो, सावली पळत नाही. चोवीस लेणी एका दिवसात उरकायला जाऊ नका, तीन नंबरच्या लेण्याखाली ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत, त्यातला एकच काढला तरी सकाळ कारणी लागते.

प्रवासात सवय मोडते ती बहुधा मोठं काहीतरी काढायच्या नादात. घरच्यांबरोबर गेलं की किल्ल्यासमोर तासभर बसू कोण देणार, सगळे चल चल करतात. म्हणून मी पानावर आधीच काडेपेटीएवढे सहा चौकोन आखून ठेवते. एका ठिकाणी एकच चौकोन, दोन-तीन मिनिटं, रंग भरायला वेळ नसेल तर आत शब्दात लिहायचं, आकाश राखाडी, कौल विटकरी, साडी आंबा कलर. रात्री लॉजवर त्या शब्दांवरून रंग भरते, फोटो बघत नाही. फोटो बघितला की त्यातलं सगळंच काढावंसं वाटतं आणि आपण काय बघितलं होतं ते मागे पडतं.

ट्रेनमध्ये वही मांडीवर न ठेवता मांडीवरच्या बॅगेवर ठेवा आणि कोपर अंगाला चिकटवा, हिसके कमी बसतात. पंचवटी एक्सप्रेसमध्ये झोपलेल्या माणसांसारखी मॉडेल्स कुठे मिळणार नाहीत, मान एका बाजूला, तोंड उघडं, इगतपुरीपर्यंत हलत नाहीत. बाहेरचा डोंगर चालत्या गाडीतून काढायचा असेल तर लांबचा घ्या, जवळचं सगळं पळतं. मुंबईहून येताना कसाऱ्याला घाट चढायला मागून बँकर इंजिन लागतं तेव्हा गाडी थांबते, तेवढ्यात प्लॅटफॉर्म, वडेवाला आणि मागचा डोंगर एवढं आरामात होतं. एसटीत चालू गाडीत मी काढतच नाही, डोकं दुखतं, पण चहाच्या थांब्यावर उतरून आपलीच उभी लालपरी काढायची.

दिवस चुकतात. आजारपण, परीक्षा, ऑफिसचं मार्च एंडिंग. चुकलेल्या दिवसांची पानं भरून काढायला बसू नका, मी तसं करायचे आणि आठ पानं बाकी दिसली की वहीच नकोशी व्हायची. त्या दिवशी चहाचा कप काढा, तोही अर्धा प्यालेला, आणि खाली तारीख, वेळ, जागा लिहा. माझ्या वहीत काल एवढंच आहे, सातपूर, सव्वाचार, कपाच्या कडेवर साय.