सरावाचा म्युझिक व्हिडिओ कसा करायचा आणि मग आपणच कसा तपासायचा

पहिला म्युझिक व्हिडिओ करताना बहुतेक सगळे अख्खं गाणं उचलतात. मीपण तेच केलेलं, दोन दिवस शूट, तीन आठवडे एडिट, आणि शेवटी नेमकं काय चुकलं तेच कळेना कारण सगळंच थोडं थोडं चुकलं होतं. सरावच करायचाय ना, मग मुखडा आणि एक कडवं घ्या, साठ सेकंदांच्या आत संपवा. गाणं शक्यतो स्पष्ट शब्दांचं आणि ठळक ठेक्याचं असू दे.

शूटच्या आधी एका कागदावर एकच ओळ लिहा, यावेळी मी कशाचा सराव करतोय. लिपसिंक, म्हणजे गाण्याशी ओठ जुळणं? ठेक्यावर कट? की एका खिडकीच्या उजेडात चेहरा नीट दिसणं? एकच. त्याखाली लिहा की बघणाऱ्याला काय वाटायला हवं. हा कागद टाकू नका, नंतर सगळा हिशोब त्याच्याशीच आहे.

मोबाईल चालतो, फक्त ऑटोवर सोडू नका. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 25, शटर (प्रत्येक चित्राला उजेड किती वेळ मिळतो) 1/50 सेकंद, फोकस आणि एक्सपोजर (चित्र किती उजळ) लॉक. वीज 60 हर्ट्झची असेल तिथे फ्रेम रेट 30 आणि शटर 1/60 ठेवा नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं. आणखी एक भानगड म्हणजे बरेच मोबाईल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, मग एडिटमध्ये सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटाकडे हळूहळू सरकत जातात आणि आपण उगाच गाणाऱ्याला दोष देत बसतो. असं झालं तर क्लिप आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे स्थिर, फ्रेम रेटला काढून घ्या.

आता शूट. गाण्याच्या फाइलच्या सुरुवातीला चार टिकटिक जोडा म्हणजे गाणाऱ्याला कधी सुरू करायचं ते कळतं. स्पीकर गाणाऱ्याजवळ ठेवा, लांब नको. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे स्पीकर 14 मीटरवर असला की आवाज कानात पोचेपर्यंत एक फ्रेम गेलेली असते, आणि मोकळ्या मैदानात 14 मीटर म्हणजे काहीच नाही. कॅमेऱ्याचा माइक मात्र चालूच ठेवा. तो आवाज फायनलमध्ये जाणार नाही पण क्लिप गाण्याशी जुळवायला तोच लागतो, दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्येसुद्धा वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या लहरींच्या आकारावरून, आपोआप जुळवता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं, गाणाऱ्याला खरंच गायला लावा, मोठ्याने, बेसूर असलं तरी चालेल. माझ्या त्या पहिल्या व्हिडिओत मित्र नुसते ओठ हलवत होता. ओठ अगदी बरोबर जुळलेले, तरी खोटं वाटत होतं, आणि दहा वेळा बघितल्यावर लक्षात आलं की गळा हलतच नाहीये, श्वास घेतलेला दिसत नाहीये. वरचा सूर लावताना माणसाच्या मानेची शीर ताणली जाते, ते नसलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं.

तुकड्यातुकड्यांत शूट करू नका. पूर्ण मिनिटभराचा वाइड (अख्खा माणूस) दोनदा, मग मिड (कमरेपासून वर) दोनदा, मग क्लोजअप दोनदा, प्रत्येक वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कंटाळवाणं आहे हो, पण एडिटला बसल्यावर स्वतःलाच दुवा द्याल, कारण कुठल्याही ओळीला कुठलाही शॉट हाताशी असतो. शेवटी हात, पाय, मान वळवणं, रिकामी खुर्ची असलं थोडं घेऊन ठेवा, कट झाकायला लागतं. स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून 50 फ्रेमला शूट करा आणि 25 ला चालवा, ओठ जुळतात. हसू येतं शूट करताना ती गोष्ट वेगळी.

एडिटमध्ये सगळे टेक गाण्याशी जुळवून एकावर एक ट्रॅकवर ठेवा आणि मग निवडत जा. ठेक्याचं गणित सोपं आहे, 100 बीपीएमच्या (मिनिटाला 100 ठोके) गाण्यात एक ठोका 0.6 सेकंदाचा, म्हणजे 25 फ्रेम रेटला बरोबर 15 फ्रेम. 120 बीपीएमला साडेबारा येतात, अर्धी फ्रेम कापता येत नाही, मग एकदा 12 एकदा 13, डोळ्याला काही कळत नाही. पण प्रत्येक ठोक्यावर कापू नका प्लीज, चौथ्या कटनंतर पुढचा कट कधी येणार ते बघणाऱ्याला आधीच माहीत असतं. मी तर कट ठोक्याच्या एकदोन फ्रेम आधी टाकतो, जास्त नेमका वाटतो.

झाला व्हिडिओ? आता दोन दिवस उघडू नका. मग पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. गाण्याशिवाय लक्ष टिकतंय का? आपला सगळा जोर गाण्यानेच लावला होता हे इथे उघडं पडतं. दुसऱ्यांदा फक्त ओठ बघा, आणि तेसुद्धा सगळे नाही, शाळेत शिकलेले ओष्ठ्य वर्ण आठवतात ना, प फ ब भ म, तेवढेच. या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात (फ जरा सैल असतो, तो सोडा). 'म' ऐकू येतोय आणि तोंड उघडं आहे असं जिथे दिसेल तिथे थांबा, फ्रेम मोजा आणि क्लिप तेवढीच सरकवा. 'आ' बघून सिंक तपासत बसलात तर दिवस जाईल.

तिसऱ्यांदा दोनतीन जणांना दाखवा, ज्यांनी शूट पाहिलेलं नाही अशांना. आधी काही समजावू नका, 'हा अजून रफ आहे' हेसुद्धा नको. ते बघत असताना तुम्ही स्क्रीन नाही, त्यांचे चेहरे बघा आणि नजर कुठे हलली ती वेळ लिहून घ्या. नंतर 'कसा वाटला' विचारू नका, सगळे मस्तच म्हणतात. 'काय काय आठवतंय' विचारा. जो शॉट तुम्ही चार तास खपून घेतला तो कुणालाच आठवत नाही आणि रिकामी खुर्ची सगळ्यांना आठवते, असं होतं, तेही लिहा.

मग तो कागद काढा आणि मूल्यमापन लिहायला घ्या. 'लायटिंग अजून चांगलं करता आलं असतं' ही ओळ कुणाच्याही व्हिडिओला लागू पडते, म्हणून ती बाद. त्याऐवजी असं लिहा: 0:23 ला चेहरा काळा पडला कारण खिडकी पाठीमागे होती आणि एक्सपोजर लॉक केलं नव्हतं, पुढच्या वेळी माणूस खिडकीकडे तोंड करून. वेळ, काय झालं, का झालं, काय बदलणार. अशा चारपाच ओळी पुरतात. आणि जे जमलं तेही याच पद्धतीने लिहा, नाहीतर ते पुढच्या वेळी परत जमेलच असं नाही.

गाणं दुसऱ्याचं असेल तर व्हिडिओ पब्लिक टाकू नका, हक्कांची कटकट मागे लागते. त्यापेक्षा यादीतली सगळ्यात वाईट दहा सेकंद निवडा, तेवढीच परत शूट करा आणि जुनी क्लिप शेजारी लावून दोन्ही एकदम चालवून बघा.