विंडोजवरून लिनक्सवर मायएसक्यूएल नेण्याआधीची तयारी

मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर हलवताना सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा: डेटाबेसमधल्या टेबलांच्या नावात स्मॉल आणि कॅपिटल अक्षर वेगळं धरायचं की नाही. देवनागरीत हा भेदच नसल्यामुळे आपल्या नजरेतून तो पटकन निसटतो. लोअर_केस_टेबल_नेम्स ही सेटिंग लिनक्सवर मुळात ० (भेद धरायचा) असते, विंडोजवर १ (भेद धरायचा नाही), मॅकवर २. विंडोजवर टेबलांची नावं स्मॉलमध्ये साठतात, पण कोडमध्ये ती कॅपिटलने लिहिली असली तरी चालून जातं. लिनक्सवर गेल्यावर तीच क्वेरी म्हणते, असं टेबलच नाही.

मग घाईने कॉन्फिग फाइलमध्ये १ लिहून रीस्टार्ट केलं जातं आणि सर्व्हर उठतच नाही. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीत हा बदल नंतरही करता यायचा. ८.० पासून मात्र डेटा डिरेक्टरी (डेटाबेसच्या फाइली जिथे राहतात ती) पहिल्यांदा तयार होताना जो आकडा असेल तोच डेटा डिक्शनरीत, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत, कायम होतो. एरर लॉगमध्ये सर्व्हरचा आकडा आणि डिक्शनरीचा आकडा वेगळा असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. अशा वेळी कॉन्फिगमधली ती ओळ जशी होती तशी करा, सर्व्हर उठेल, डेटाही जागेवर असेल. घाबरून डेटा डिरेक्टरीतल्या फाइली उडवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

म्हणून १ हवा असेल तर जुन्या सर्व्हरवरून मायएसक्यूएलडंप या टूलने पूर्ण डंप (सगळ्या डेटाची प्रत) घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर एकदा चढवून बघा. उबुंटूवर पॅकेज बसतानाच डेटा डिरेक्टरी तयार होते, तेव्हा सेवा थांबवून ती बाजूला हलवा, त्याच नावाची रिकामी डिरेक्टरी मायएसक्यूएल युजरच्या मालकीची करा, कॉन्फिगमध्ये १ लिहा आणि मगच इनिशियलाइज करा, म्हणजे डेटा डिरेक्टरी नव्याने तयार करा. रूटचा (डेटाबेसच्या मुख्य युजरचा) तात्पुरता पासवर्ड एरर लॉगमध्ये मिळेल. डॉकर वापरत असाल तर रिकाम्या व्हॉल्यूमवर पहिल्याच रनला लोअर_केस_टेबल_नेम्स १ हा पर्याय द्या.

डेटाडिरचा (डेटा डिरेक्टरीचा) पाथ हाताने टाइप करू नका, टर्मिनलमधून उचलून चिकटवा. एक 'एम' कॅपिटल पडला तरी लिनक्सच्या लेखी ती वेगळीच डिरेक्टरी, आणि लॉगमध्ये एररकोड २ दिसतो. नेहमीची जागा सोडून डेटा दुसरीकडे ठेवणार असाल तर अ‍ॅपआर्मरच्या (कोणत्या प्रोग्रॅमला कोणत्या फाइली उघडता येतील ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षा यंत्रणेच्या) प्रोफाइलमध्येही पाथ अक्षरन्‌अक्षर तोच हवा.

डंप चढवण्याआधी शो व्हेरिएबल्सने आकडा १ दिसतोय ना, ते बघून घ्या.