हरवलेल्या प्राचीन संस्कृतीचा व्हिडिओ आला की काय तपासायचं

अटलांटिस, समुद्राखालचे पिरॅमिड, हिमयुगातली प्रगत माणसं, हे विषय मलाही जाम आवडतात. फक्त बघताना थोडी चौकशी करायची सवय लावा, मजा उलट वाढते.

पहिलं म्हणजे, वय सांगितलंय ते नेमकं कशाचं? निम्म्या थिअऱ्या इथेच आडव्या पडतात. इंडोनेशियातलं गुनुंग पदांग घ्या, २०२३ मध्ये पेपर आला की या टेकडीच्या पोटात २७ हजार वर्षांपर्यंत जुनं बांधकाम आहे, झालं, सगळीकडे नुसता धुमाकूळ. पण कार्बन डेटिंग, म्हणजे वस्तूतल्या कार्बनवरून वय काढणं, केलं होतं ते ड्रिल करून काढलेल्या मातीचं, आणि ती माती माणसाच्या हातच्या कुठल्याही वस्तूशी जोडता येत नव्हती. माती जुनी असणारच ना, त्यात काय! २०२४ मध्ये जर्नलने पेपर मागे घेतला, पण व्हिडिओ अजून फिरतायत. आणि हो, दगडाचं कार्बन डेटिंग होतच नाही, ते लाकूड, हाड, बी, मातीतले कुजलेले अवशेष असल्या कधीकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं होतं. त्यामुळे दगड कधी बनला आणि कधी घडवला, हे दोन प्रश्न कायम वेगळे ठेवा.

मग कचरा शोधा. खरंच, कचराच. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपेचे टी आकाराचे खांब ११ हजार वर्षांपूर्वीचे, काही तर साडेपाच मीटर उंच, म्हणून लोक म्हणतात शिकार करून जगणाऱ्यांना हे जमेलच कसं, कोणीतरी शिकवून गेलं असणार. आता तिथे सापडलंय काय ते बघा: गॅझेल हरणांची आणि रानबैलांची ढीगभर हाडं, पाळीव जनावर एकही नाही, आणि चकमकीच्या दगडाची हत्यारं. शिकवून गेलेल्या गुरुजींची मात्र एक वस्तू नाही.

"सगळे पुरावे समुद्रात बुडाले" हे ऐकलं की लगेच हसू नका, कारण हिमयुग ओसरताना समुद्र सुमारे १२० मीटर चढला हे खरंच आहे. पण बुडालेल्या जमिनीवरचंही सापडतं की. उत्तर समुद्राखालच्या डॉगरलँडमधून १९३१ मध्ये एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात शिंगाचं काटेरी भाल्याचं टोक आलं, म्हणजे तिथेही शिकारीच निघाले. शिवाय रोमन लोकांनी धातू वितळवले त्याच्या धुरातलं शिसं ग्रीनलँडच्या बर्फात आजही मोजता येतं, मग त्याआधी कोणी मोठ्या प्रमाणावर भट्ट्या पेटवल्या असत्या तर त्यांचा धूर गेला कुठे?

गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली हेही बघा. अटलांटिस, म्हणजे समुद्रात बुडालं म्हणतात ते बेट, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या दोन संवादांतून येतं, त्याच्याआधी कुठेच नाही, आणि आजची क्रेझ बरीचशी १८८२ च्या इग्नेशस डॉनेली यांच्या पुस्तकापासूनची.

"शास्त्रज्ञ लपवतात" हे आलंच तर सरळ मेररबद्दल विचारा. इजिप्तचा राजा खुफूच्या काळातला हा मुकादम, गिझाच्या पिरॅमिडसाठी तुरा नावाच्या ठिकाणच्या खाणीतून होडीने चुनखडी आणायचा, आणि त्याची रोजची नोंदवही २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी सापडली. वाचून, छापून झाली, आणि एवढी चांगली गोष्ट एलियनवाल्या व्हिडिओत का नाही हे कमेंटमध्ये विचाराच.