जोडीने नाटक लिहिताना

दोघांनी वर्षानुवर्षे मिळून नाटके लिहायची असतील, तर पहिला अंक हाती घेण्यापूर्वीच श्रेयनामावलीतील नावांचा क्रम, मानधनाची वाटणी आणि जोडी फुटल्यास प्रयोगाची परवानगी कोणी द्यायची, हे लेखी ठरवावे. मैत्रीत हा विषय काढणे अवघड जाते, म्हणूनच तो आधी उरकावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संयुक्त कृतीवरील हक्क मागे राहिलेल्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे करारात वारसांचाही विचार हवा. प्रवेश वाटून घेतले तरी शेवटचा खर्डा एकानेच उतरवावा, नाहीतर पात्रांची बोली प्रवेशागणिक बदलते. ठाण्यात गडकरी रंगायतनला प्रयोग लागला, की एकाने पुढच्या रांगेत आणि दुसऱ्याने बाल्कनीत बसून प्रेक्षक कुठे चुळबुळतात ते टिपावे, आणि एकाची वाक्ये दुसऱ्याने कापावीत.