नव्या मरीन टँकमध्ये शेवाळ आलंय? या चुका टाळा

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक, सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर चढतो आणि मालकाची दुकानाकडे धाव सुरू होते. शेवाळ मारायची एक बाटली येते, ती लागू पडली नाही की दुसरी. हा पहिला थर बहुतेक वेळा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. नव्या वाळूतून, खडकातून आणि पाण्यातून येणाऱ्या सिलिकेट या विरघळलेल्या खनिजावर तो वाढतो आणि सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत ओसरतो. पाणी बदलताना नळीने वरवर ओढून घ्या, काच पुसा, बास.

न ओळखता औषध ओतणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, कारण एका शेवाळावरचा उपाय दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो.

हिरवं केसाळ शेवाळ खाद्य आणि विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसतं. ते हाताने उपटा, खाद्य कमी करा, फ्रोझन खाद्याचं पाणी गाळून टाका, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) नीट चालतोय का बघा. इथे टेस्ट किट फसवतं. टँकभर शेवाळ आणि किटवर नायट्रेट शून्य! पाण्यात आलेलं नायट्रेट शेवाळानेच खाऊन टाकलेलं असतं, त्यामुळे आकडा चांगला दिसतो.

वाळूवर लालसर-जांभळी साय धरली आणि ती अखंड उचलून निघाली, तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. जिथे प्रवाह मंद, तिथे ते आधी दिसतात. पॉवरहेडची (प्रवाह तयार करणाऱ्या पंपाची) दिशा बदला, साय ओढून काढा. अँटिबायोटिक हा शेवटचा पर्याय. एकदम मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि सकाळी मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात.

खरी गफलत होते डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या बाबतीत. रंग तपकिरीच, म्हणून लोक त्याला डायटम समजतात. पण याचे चिकट धागे असतात, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, रात्री ते विरळ होतात आणि दुपारपर्यंत पुन्हा तेवढेच दिसतात. घरच्या घरी तपासता येतं. थोडे धागे टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, पेपर टॉवेलमधून गाळा आणि ते पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पुन्हा धागे जमले तर डायनो असण्याची शक्यता दाट. खात्री मायक्रोस्कोपखालीच होते.

डायनो बहुधा पाणी अति स्वच्छ झालं की येतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्याला टेकले की त्यांचे प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि मैदान मोकळं होतं. तपकिरी घाण बघून घाबरलेला माणूस मात्र नेमकं उलट करतो: आणखी फॉस्फेट रिमूव्हर, आणखी पाणी बदल. ते दोन्ही काही काळ थांबवा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास येऊ द्या. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही फिल्टर (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) चालतो. काही जाती विषारी असतात, त्यामुळे या काळात शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडू नका.

स्वयंपाकघरातला आरओ

पिण्याच्या आरओमध्ये बऱ्याचदा चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. कंट्रोलर मूळ पाणी थोडं परत मिसळतो, कार्ट्रिज क्षार घालतं. माणसाला ते चालतं, टँकला नाही. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) टप्पा लावा आणि मीटरवर टीडीएस शून्य दाखवेल असंच पाणी वापरा.

उन्हाळ्यात हा मुद्दा जास्त भोवतो. तापमान २५-२६ अंशांवर ठेवायला चिलर परवडत नाही म्हणून पाण्यावर पंखा लावतात. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत तो दोनेक अंश उतरवतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेवढा नाही. पण वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ, फॉस्फेट, सिलिकेट सगळं मागे राहतं. म्हणजे पंखा लावून रोज साधं नळाचं पाणी भरत राहिलात, तर शेवाळाचं खाद्य तुम्हीच साठवताय. आणि हो, ही भरपाई गोड्या पाण्यानेच करायची. तिथे मीठ घातलेलं पाणी ओतलं की क्षारता चढत जाते. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ हवं आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणानेच कॅलिब्रेट करा.

जुहू किंवा दादरच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा विचार मनात आला तर सोडून द्या. त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात क्षारताही घसरते.

मासे लवकर सोडणं

अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रेट, हे चक्र बसायला ढोबळ मानाने ४ ते ६ आठवडे लागतात. मरीन टँकचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि तेवढ्या पीएचला अमोनियाचा विषारी रूपातला वाटा बराच वाढलेला असतो. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये एखादा मासा जे सोसून जातो, ते इथे सोसत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत थांबा, मग एक-दोन क्लाउनफिशपासून सुरुवात करा. टँग मासा 'शेवाळ खातो' म्हणून पहिल्याच महिन्यात आणणं मला तरी क्रौर्य वाटतं.

खडक कोरडा किंवा सिरॅमिकचा घ्या. मालवणच्या समुद्रातून प्रवाळ उचलून आणणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत.

दिवे ६ ते ८ तासच, तेही टायमरवर. टँक खिडकीच्या उन्हात नको. गोगलगायी केसाळ शेवाळ दिसू लागल्यावरच आणा, थोड्याच आणा, आणि थेंब-थेंब पाणी देत रुळवून मगच सोडा. टँकमध्ये कधी तांब्याचं औषध वापरलं असेल तर त्या जगणं कठीण. शेवाळ संपलं की त्या उपाशी राहतात. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा बिनमसाल्याच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा काचेला अडकवा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढून टाका.