ओठांखाली सुई धरण्याआधी: बोटॉक्स शिकणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

त्वचारोगात एमडी करताना कपाळावरचं बोटॉक्स, म्हणजे स्नायू तात्पुरते ढिले करणारं इंजेक्शन, बहुतेकांच्या हातात लवकर बसतं. खरी परीक्षा ओठांच्या खाली असते. तिथे लहान लहान स्नायू एकमेकांवर चढलेले असतात, आणि माणूस बोलतो, हसतो, पाणी पितो ते त्यांच्याच जोरावर.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डिसेक्शन हॉलने, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीने. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी परीक्षेपुरता पाहिलेला चेहरा, उद्या इथे सुई टोचायची आहे हे ठाऊक असताना पुन्हा पाहा. संधी मिळाली तर सोडू नका.

सुरुवात डिप्रेसर अँग्युली ओरिसपासून करा. तोंडाचा कोपरा खाली ओढणारा हा स्नायू खालच्या जबड्याच्या हाडावरून निघतो आणि निमुळता होत कोपऱ्याकडे जातो. त्याच्या मध्यरेषेकडच्या कडेखाली, जास्त खोलवर, खालचा ओठ खाली ओढणारा डिप्रेसर लेबिआय इन्फिरिओरिस असतो. सगळा धोका या शेजारात आहे. सुई मध्यरेषेकडे सरकली किंवा खोल गेली की त्या बाजूचा खालचा ओठ हसताना खाली येत नाही आणि हसू वाकडं होतं. शांत चेहऱ्यात हे सहसा लक्षात येत नाही, हसल्यावर उघडं पडतं. म्हणून रुग्णाला रडवेलं तोंड करायला सांगा, स्नायू बोटाने चाचपा, आणि जबड्याच्या कडेजवळ, बाहेरच्या बाजूला, उथळ टोचा. औषध कमीच ठेवा.

हनुवटीच्या मेंटॅलिस स्नायूचं गणित उलटं आहे. तिथे मध्यरेषेजवळ, खालच्या भागात आणि खोल जायचं. वर गेलात तर ओठ मिटणारा स्नायू ढिला पडतो आणि पाणी पिताना ओघळतं.

मॅसेटरसाठी, म्हणजे जबडा आवळणाऱ्या स्नायूसाठी, कानाच्या पाळीपासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत रेघ आखा आणि तिच्या खालीच राहा. दात घट्ट आवळायला सांगितलं की पुढची कड हाताला लागते. त्या कडेपासून साधारण 1 सेंटिमीटर मागे राहायचं, कारण पुढे तोंडाचा कोपरा बाहेर खेचणारा रिझोरियस आहे आणि तो दुबळा झाला की हसूच आखडतं.

एवढी काळजी का? हे औषध चेतातंतूच्या टोकातलं स्नॅप-25 प्रथिन तोडतं, त्यामुळे स्नायूला आकुंचनाचा संदेश पोहोचत नाही, आणि झालेला परिणाम उलटवणारं इंजेक्शन आपल्याकडे नाही. चूक झाली तर रुग्णाला बऱ्याचदा काही आठवडे, कधी तीन-चार महिने वाट पाहावी लागते. बासरी किंवा सनई वाजवणारे, गाणारे यांना ते परवडत नाही. त्यांचा व्यवसाय आधी विचारा. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) आहे का, गरोदरपण आहे का, हेही विचारा.

डोस युनिटमध्ये मोजतात, पण एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटांइतके धरू नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2002 मध्ये सौंदर्यासाठी पहिली मान्यता दिली ती भुवयांमधल्या आठ्यांसाठी. खालच्या चेहऱ्यावरचा बराचसा वापर त्या मान्यतेबाहेरचा आहे, हे संमतिपत्रावर स्पष्ट लिहा.

टोचण्याआधी रुग्ण हसतानाचा, बोलतानाचा व्हिडिओ घ्या. अनेकांचा ओठ मुळातच एका बाजूला किंचित वाकडा असतो. जादा डोस द्यायचा असेल तर दोन आठवड्यांनी बोलवा, तोवर परिणाम पूर्ण दिसतो, आणि त्या वेळी तोच व्हिडिओ शेजारी लावून पाहा.